एका पेटीची दोन लेबले : तुर्भ्याच्या वखारीतील दुहेरी ट्रिगरचे प्रकरण

एप्रिलच्या १० तारखेला सकाळी वाशीच्या फळबाजारातील एका हापूस व्यापाऱ्यांचा फोन आला, तेव्हा त्यांची तक्रार दुहेरी मालाची नव्हतीच. नेरूळच्या एका बाईंनी पैसे भरून दोन दिवस उलटले तरी त्यांनी मागवलेले आंबे पोचले नव्हते. पेमेंटच्या खात्यात त्यांची रक्कम जमा दिसत होती आणि ऑर्डरच्या शीटमध्ये मात्र त्या रकमेची ओळच नव्हती. "आधी एकेकाला दोन-दोन पेट्या जात होत्या, म्हणून पुतण्याने बंदोबस्त केला, तर आता जायची ती पण जाईना," असे ते म्हणाले. प्रकरणाचा सगळा सारांश या एका वाक्यात होता, पण त्यातल्या 'आधी'चा आणि 'आता'चा संबंध नेमका काय, हे उलगडायला आम्हांला पुढचे तीन दिवस लागले.

आमचे ऑफिस ठाण्यात नौपाड्यात आहे. आम्ही दोघे जण लहान व्यावसायिकांसाठी वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी, बसवून देतो, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याने बसवलेले दुरुस्त करण्यातच आमचा जास्त वेळ जातो. हा वर्कफ्लो पुतण्याने स्वतः शिकून उभा केला होता आणि त्याची मांडणी मुळात वाईट नव्हती, हे आधीच नोंदवून ठेवतो. ठाणे ते तुर्भे लोकलने आम्ही त्याच दिवशी दुपारी वखारीत पोचलो.

व्यवहार असा चालतो. घाऊक विक्री बाजारातल्या गाळ्यावर होते. घरपोच किरकोळ विक्रीसाठी तुर्भ्याला वेगळी वखार आहे. ग्राहक दोन वाटांनी येतो. एक वाट संकेतस्थळाची, जिथे तो तिथल्या तिथे पैसे भरतो. दुसरी वाट गूगल फॉर्मची. फॉर्म भरला की शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्या सोयीने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) त्या ग्राहकासाठी पेमेंट लिंक तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवते. कोणत्याही वाटेने पैसे भरले गेले की पेमेंट कंपनी त्याची वर्दी वेबहुकने, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला आपणहून धाडलेल्या संदेशाने, व्यापाऱ्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या एन-एट-एन या वर्कफ्लो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला देते. तिथला वर्कफ्लो ऑर्डरच्या शीटमध्ये ओळ घालतो, ग्राहकाला पावतीचा संदेश पाठवतो, घोडबंदर रोड, कोपरी, ऐरोली, नेरूळ, खारघर अशा विभागांनुसार टेम्पोच्या यादीत नाव चढवतो आणि शेवटी वखारीतल्या थर्मल प्रिंटरवर पत्त्याचे लेबल काढतो. लेबल निघाले की पेटी बांधायची, असा वखारीचा नियम आहे. त्यामुळे इथे सॉफ्टवेअरमधली दुहेरी नोंद कागदावर राहत नाही. तिचे तासाभरात आंबे होतात. चुकून गेलेली पेटी दोन दिवसांनी परत आली तर फळ तोवर पुढे गेलेले असते आणि ते त्या भावाने कोणी घेत नाही.

घोटाळा पहिल्यांदा लक्षात आला तो संगणकावर नव्हे. पॅकिंग सांभाळणाऱ्या मावशी लेबल चिकटवण्यापूर्वी आडनाव आणि इमारतीचे नाव एका दोनशे पानी वहीत लिहून घेतात, कारण गेल्या वर्षी लेबले पावसाळी हवेत सुटून पडली होती. ४ तारखेच्या रात्री त्यांनी मानपाड्याच्या एका इमारतीचे लेबल हातात घेऊन, "ही पेटी मी मघाशीच बांधली, बघ, पेंढा कमी पडला म्हणून खाली कागद घातला होता," असे पुतण्याला सांगितले. त्याने शीट पाहिली. दोन ओळी होत्या. म्हणजे ग्राहकानेच दोनदा मागवले असणार, असे मानून दुसरी पेटीही गेली. वहीच्या त्या पानावर मावशींनी दुसऱ्या नावापुढे फुली मारून ठेवली होती. पुढच्या सहा दिवसांच्या पानांवर फुल्या वाढत गेलेल्या दिसतात, आणि आमच्या पहिल्या दिवसाच्या कामात आम्हांला सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणून ती वहीच उपयोगी पडली.

ज्यांना दोन पेट्या मिळाल्या त्यांतल्या फार थोड्यांनी फोन केला होता, हे ओघाने आलेच. ज्यांना एकही मिळत नाही ते मात्र लगेच फोन करतात. दुहेरी ट्रिगरचा दोष, म्हणजे काम सुरू करणारा इशारा दोनदा वाजण्याचा, अनेक ठिकाणी आठवडेच्या आठवडे का टिकतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या स्वभावात आहे.

पुरावा गोळा करताना

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे काहीही न बदलणे. एन-एट-एन जुन्या एक्झिक्युशनच्या, म्हणजे वर्कफ्लो एकेकदा चालल्याच्या, नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवसांनंतर पुसते, आणि आम्हांला मार्चअखेरच्या नोंदीही हव्या होत्या; म्हणून त्या आधी बाहेर काढून ठेवल्या. मग १ ते १० एप्रिल या काळातील ऑर्डरच्या शीटमधून, एकच मोबाइल नंबर आणि एकच रक्कम चोवीस तासांत पुन्हा आलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. अशा ४७ ओळी निघाल्या. प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहिल्या : पेमेंट कंपनीने दिलेला पेमेंटचा आयडी, वेबहुकच्या हेडरमध्ये येणारा इव्हेंटचा आयडी, आणि पहिल्या व दुसऱ्या ट्रिगरमधले अंतर. पहिल्या दोन गोष्टींत गफलत फार होते, म्हणून त्यांतला फरक सांगतो. पेमेंटचा आयडी पैशाच्या व्यवहाराला असतो. इव्हेंटचा आयडी त्या व्यवहाराबद्दल पाठवलेल्या वर्दीला असतो. एका व्यवहाराबद्दल चार वेगळ्या वर्द्या येऊ शकतात, आणि एकच वर्दी चार वेळा येऊ शकते.

तोवर आम्ही दोघेही, आणि पुतण्याही, एकच कारण शोधत होतो. अंतराचा रकाना भरून झाला तेव्हा तो समज गेला. २९ ओळींमध्ये अंतर दोन सेकंदांच्या आत होते. ११ ओळींमध्ये ते पाऊण मिनिटापासून कित्येक मिनिटांपर्यंत होते. उरलेल्या सातांमध्ये कशाचा कशाला मेळ नव्हता. एकीत दहा मिनिटे, तर एकीत जेवून-झोपून उठल्यावर सकाळी. आणि आयडीचे रकाने या तीन गटांशी तंतोतंत जुळत होते : पहिल्या गटात पेमेंट एक पण इव्हेंट वेगळे, दुसऱ्यात पेमेंटही एक आणि इव्हेंटही एक, तिसऱ्यात पेमेंटच दोन. दुसरा ट्रिगर किती वेळाने आला, हे आम्ही आता कुठल्याही अशा कामात सर्वांत आधी मोजतो, कारण यंत्राने दिलेला प्रतिध्वनी, कंटाळून पुन्हा मारलेली हाक आणि माणसाने स्वतः पुन्हा केलेली कृती या तिघांच्या वेळा सहसा एकमेकींत मिसळत नाहीत.

मधला गट : ४ आणि ५ एप्रिल

सर्वांत शिकण्यासारखा भाग या ११ ओळींचा आहे, म्हणून तो आधी घेतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी सात वाजता व्यापारी आपल्या ग्राहकांना "आजचा माल सुटला" असा संदेश एकगठ्ठा पाठवतात. पुढची पंधरा-वीस मिनिटे ऑर्डरींची झुंबड असते. वर्कफ्लो प्रत्येक ऑर्डरमागे शीटमध्ये चार वेळा लिहीत होता, आणि गूगल शीट्सच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅमने शीट वापरण्याच्या वाटेवर, एका वापरकर्त्यामागे मिनिटाला ६० लेखनविनंत्यांची मर्यादा आहे. म्हणजे मिनिटाला पंधरा ऑर्डरी झाल्या की पुढच्या विनंतीला नकार मिळायचा, नोड (वर्कफ्लोतली ती पायरी) थोडा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि एरवी तीन सेकंदांत संपणारा वर्कफ्लो चौदा-पंधरा सेकंद रेंगाळायचा.

एवढ्याने काही बिघडले नसते. पण वेबहुक नोडमध्ये 'उत्तर कधी द्यायचे' हे जे सेटिंग असते, ते 'लगेच' असे नसून 'शेवटचा नोड संपल्यावर' असे ठेवलेले होते. पुतण्याने हा वर्कफ्लो जुन्या एका चौकशी फॉर्मच्या वर्कफ्लोची प्रत काढून बनवला होता. तिथे ग्राहकाला पडद्यावर उत्तर दाखवायचे असल्याने ते सेटिंग योग्य होते, आणि प्रतीबरोबर ते इकडे आले. पेमेंट कंपनी उत्तरासाठी पाच सेकंद थांबते. पाच सेकंदांत पोच मिळाली नाही की वर्दी पोचलीच नाही असे ती धरते आणि थोड्या वेळाने तीच वर्दी पुन्हा पाठवते. पुन्हा पोच नाही मिळाली की आणखी थोड्या जास्त वेळाने. इकडे आमचा वर्कफ्लो पंधराव्या सेकंदाला का होईना, पण आपले काम पूर्ण करून लेबल काढून मोकळा झालेला असे. पाठवणाऱ्याच्या लेखी काम फसले होते आणि घेणाऱ्याच्या लेखी ते झाले होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. कोपरीच्या एका ऑर्डरीची या गोंधळात तीन लेबले निघाली.

पेमेंट कंपनीने असे का करावे, असा प्रश्न व्यापाऱ्यांनी विचारला, आणि तो रास्त आहे. निरोप्या परत आला नाही तर निरोप वाटेत हरवला की पोच घेऊन येणारा वाटेत अडकला, हे निरोप धाडणाऱ्याला कधीच खात्रीने कळत नाही. संगणकशास्त्रात हा प्रश्न १९७५ पासून लिखित स्वरूपात आहे आणि तो 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो. अशा वेळी धाडणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : पुन्हा पाठवायचे आणि दुहेरीचा धोका पत्करायचा, किंवा गप्प बसायचे आणि निरोप बुडण्याचा धोका पत्करायचा. पैशाच्या व्यवहारात शहाणा माणूस पहिला मार्ग घेतो. म्हणून वेबहुक पाठवणाऱ्या पेमेंट सेवा सहसा 'निदान एकदा' पोचवण्याची हमी देतात. 'नेमके एकदाच' ही हमी त्या देत नाहीत, आणि ती जबाबदारी घेणाऱ्याकडे येते. ठरावीक वेळाने स्वतः जाऊन तपासणारे जे ट्रिगर झॅपियरसारख्या वर्कफ्लो चालवणाऱ्या सेवांत असतात, ते आधी पाहिलेल्या नोंदींचे आयडी लक्षात ठेवतात आणि जुन्या नोंदीवर पुन्हा चालत नाहीत. ते वापरून ज्याची सवय झाली आहे त्याला वेबहुकलाही तशी आठवण असेल असे वाटते. ती नसते.

दोन सेकंदांच्या आतला गट, आणि बंदोबस्त

शनिवार-रविवारचा गोंधळ पाहून पुतण्याला वाटले की काही वर्द्या चुकत असाव्यात. म्हणून ६ तारखेला त्याने पेमेंट कंपनीच्या डॅशबोर्डवर जाऊन वेबहुकच्या यादीत आणखी एका चौकटीत खूण केली. आधी फक्त 'पेमेंट जमा झाले' हा इव्हेंट येत होता. आता 'पेमेंट लिंक भरली गेली' हाही येऊ लागला. लिंकने भरलेल्या प्रत्येक रकमेला हे दोन्ही इव्हेंट लागू पडतात, आणि वर्कफ्लो इव्हेंटचा प्रकार तपासतच नव्हता; जे येईल त्यावर तो चालत होता. संकेतस्थळावरून आलेल्या ऑर्डरी त्यामुळे एकेरीच राहिल्या आणि ६ ते १० या दिवसांत फॉर्मच्या वाटेने आलेल्या २९ च्या २९ ऑर्डरी दुहेरी झाल्या.

दोष वाढल्याचे पाहून ८ तारखेला त्याने तो 'बंदोबस्त' केला. वर्कफ्लोच्या सुरुवातीला त्याने एक नोड घातला : याच मोबाइल नंबरची, याच रकमेची ओळ गेल्या चोवीस तासांत शीटमध्ये असेल तर थांबायचे. हा उपाय ज्याच्यासाठी केला त्यावर तो चालला नाही आणि ज्याला हात लावायचा नव्हता त्यावर चालला. दोन इव्हेंट सेकंद-दीड सेकंदाच्या अंतराने येत असल्याने दोन एक्झिक्युशन जवळजवळ बरोबर सुरू होत. पहिले शीट पाहते, ओळ नाही. पहिल्याची ओळ लिहून होण्यापूर्वी दुसरे शीट पाहते, ओळ नाही. दोघेही निर्धास्तपणे लिहितात. आधी बघणे आणि मग लिहिणे या दोन पायऱ्यांमध्ये जोवर फट आहे तोवर त्या फटीतून दुसरा घुसणारच, मग तपासणी कितीही कडक असो. (त्यातून प्रत्येक ऑर्डरीमागे शीटचे एक वाचन वाढले, ते वेगळेच.)

उलट नेरूळच्या त्या बाईंनी ८ तारखेला दुपारी आपल्यासाठी एक डझनाचा खोका मागवला होता आणि संध्याकाळी त्याच मोबाइलवरून, तेवढ्याच रकमेचा दुसरा खोका खारघरला राहणाऱ्या आईच्या पत्त्यावर. दुपारची आणि संध्याकाळची ऑर्डर यांत काही तासांचे अंतर असल्याने बंदोबस्ताने आपले काम चोख केले आणि संध्याकाळची ऑर्डर गिळून टाकली. मोबाइल नंबर आणि रक्कम ही माणसाची ओळख होऊ शकते, ऑर्डरीची नाही; एप्रिलमध्ये ठाण्या-मुंबईचा माणूस आंबे एकदाच मागवत नाही, हे वखारीतल्या कोणीही सांगितले असते.

उरलेल्या सात ओळी

त्यांतल्या दोन खऱ्याच दुसऱ्या ऑर्डरी निघाल्या. ८ तारखेच्या आधी आल्या म्हणून वाचल्या. बाकी पाच ग्राहकांनी खरोखर दोनदा पैसे भरले होते, कारण त्यांना लिंकाच दोन गेल्या होत्या. गेल्या हंगामात हीच स्क्रिप्ट व्यापाऱ्यांच्या भाचीने आपल्या गूगल खात्यातून चालू केली होती. या हंगामात पुतण्याने दुकानाच्या खात्यातून नवा ट्रिगर लावला. ॲप्स स्क्रिप्टमध्ये एका खात्याने लावलेला ट्रिगर दुसऱ्या खात्याला यादीत दिसत नाही, पण चालतात मात्र दोन्ही. मार्चपासून फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला दोन लिंका जात होत्या आणि बहुतेकांनी दुसरी लिंक म्हणजे आठवण समजून सोडून दिली होती. भाचीने पुण्याहून लॉगिन करून आपला ट्रिगर काढला. पाच जणांचे जास्तीचे पैसे, पेटी घरी ठेवून घेतली की नाही हे फोनवर विचारून, त्यानुसार परत केले गेले. स्क्रिप्टमध्ये लॉकही (एक चालू असताना दुसऱ्याला थांबवणारे कुलूप) घातले, पण वापरकर्त्यापुरते नव्हे तर संपूर्ण स्क्रिप्टपुरते, कारण दोन खात्यांतून चालणाऱ्या दोन ट्रिगरना वापरकर्त्यापुरते लॉक अडवत नाही.

दुरुस्ती

तीन कारणांपैकी प्रत्येक कारण मुळाशी दूर करता येण्यासारखे होते आणि ते आम्ही केले : वेबहुकचे उत्तर 'लगेच' केले, दुसऱ्या इव्हेंटची खूण काढली, जुना ट्रिगर काढवून घेतला. तरी एवढ्यावर काम संपले असे आम्ही व्यापाऱ्यांना सांगितले नाही. उद्या नेट अडखळले तर पोच वाटेत हरवणारच, आणि उद्या कोणीतरी आणखी एका चौकटीत खूण करणारच. ट्रिगर दोनदा वाजू नये यासाठी झटण्यापेक्षा तो दोनदा वाजला तरी पेटी एकच बांधली जावी, अशी व्यवस्था जास्त टिकाऊ असते.

त्यासाठी त्याच सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक छोटा तक्ता केला. त्याची प्राथमिक किल्ली, म्हणजे तक्त्यात दोनदा येऊच न शकणारी ओळख, दोन गोष्टींची आहे : पेमेंटचा आयडी आणि पायरीचे नाव. इव्हेंटचा आयडी मुद्दामच घेतला नाही, कारण पहिल्या गटातल्या २९ जोड्यांमध्ये तो वेगवेगळा होता. तो घेतला असता तर सगळ्या जोड्या सरळ आत आल्या असत्या. पायरीचे नाव अशासाठी की त्याच पेमेंटवर उद्या पैसे परत करण्याची पायरीही चालावी लागेल आणि तिला दुहेरी समजून अडवून चालणार नाही. वर्कफ्लो आता आधी बघत नाही. तो थेट लिहायला जातो. ती किल्ली आधीपासून असेल तर काही करू नकोस, अशी सोय पोस्टग्रेसच्या ओळ घालणाऱ्या इन्सर्ट आज्ञेत ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ओळ लिहिली गेली तर ती ओळ परत मिळते आणि काम पुढे जाते; काहीच परत मिळाले नाही तर एक्झिक्युशन तिथेच संपते. बघणे आणि लिहिणे एकाच श्वासात होत असल्याने मधली फट उरत नाही. एक जुनी वर्दी उचलून आम्ही ती एकाच वेळी दहा वेळा सर्व्हरवर मारून पाहिली. प्रिंटरमधून एक लेबल निघाले. मावशींनी ते पाहून, "बरं झालं, पण माझी वही मी ठेवणार," असे सांगितले.

१४ एप्रिल

पुढे जे झाले ते आमच्या हातून झाले, म्हणून ते गाळत नाही. १३ तारखेच्या रात्री अकराच्या सुमारास आम्ही सर्व्हरवर एक अपडेट टाकले आणि एन-एट-एन पुन्हा सुरू केले. त्या क्षणी दोन ऑर्डरी मध्यावर होत्या. त्यांची तक्त्यात ओळ झाली होती, लेबल निघायचे होते. पेमेंट कंपनीला उत्तर आता लगेच जात असल्याने तिच्या लेखी दोन्ही वर्द्या पोचल्या होत्या आणि ती त्या पुन्हा पाठवणार नव्हती. पाठवल्या असत्या तरी आमच्या तक्त्याने त्या दुहेरी म्हणून परतवल्या असत्या. दुहेरी पेट्या थांबवण्यासाठी घातलेली कडी अशा रीतीने बुडालेल्या ऑर्डरीवरच बसली.

ते सापडले ताळ्यामुळे. रोज रात्री दहाला पेमेंट कंपनीकडची दिवसभराची जमा यादी आणि तक्त्यातल्या लेबल निघालेल्या ओळी एकमेकींशी ताडून फरकाचा संदेश पुतण्याच्या मोबाइलवर पाठवायचा, असा वेगळा वर्कफ्लो आम्ही लावला होता. फरकाचा संदेश आला, पण तो १४ तारखेच्या सकाळी साडेसातला. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या एन-एट-एनमध्ये टाइमझोन सांगितला नसेल तर तो न्यूयॉर्कचा धरला जातो, आणि एप्रिलमध्ये तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. टेम्पो सहाला सुटतात. त्या दोन पेट्या पुतण्या स्कूटरवर घेऊन घणसोली आणि ऐरोलीला देऊन आला. हा योगायोगाचा फायदाही होता, हे कबूल करतो. ताळा खरोखर रात्री दहाला झाला असता तर अकराच्या ऑर्डरी त्यात आल्याच नसत्या. म्हणून नंतर टाइमझोन कोलकात्याचा केलाच, शिवाय ताळा पहाटे पाचला नेला.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला त्यानंतर दोन अवस्था दिल्या, 'घेतले' आणि 'झाले'. दर पाच मिनिटांनी एक लहान वर्कफ्लो तीन मिनिटांहून जुन्या, 'घेतले'मध्येच अडकलेल्या ओळी शोधतो. त्यांचे पुढे काय करायचे, यावर मात्र आमच्या दोघांत वाद झाला. लेबल निघून 'झाले' लिहिण्याच्या आधी सर्व्हर पडला असेल तर पुन्हा चालवल्यावर दुसरे लेबल निघणारच. ही शक्यता शून्यावर आणता येत नाही. शेवटी प्रत्येक पायरीचा निकाल वेगळा लावला. लेबल पुन्हा काढायचे, पण त्यावर ठळक अक्षरांत 'पुनर्मुद्रण' आणि ऑर्डर क्रमांक छापायचा, म्हणजे मावशी वहीत तो क्रमांक शोधून मगच पेटीला हात लावतील. पावतीचा संदेश पुन्हा गेला तर जाऊ द्यायचा. त्याने कोणाचे आंबे वाया जात नाहीत. पैसे परत करण्याची पायरी अडकली तर ती आपोआप कधीच पुन्हा चालवायची नाही, माणसाला विचारायचे. माझ्या सहकाऱ्याला लेबलाच्या बाबतीतही माणसालाच विचारावे असे वाटत होते आणि अजूनही वाटते.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तक्त्याने ६३ जास्तीच्या वर्द्या परतवल्या होत्या. पुनर्मुद्रणाचे लेबल एकदाच निघाले, आणि ती पेटी आधीच बांधलेली आहे हे वहीवरून कळल्यामुळे लेबल फाडून टाकले गेले. त्या रात्री पुतण्याने तक्त्यातल्या 'झाले' ओळी मोजल्या आणि मावशींनी वहीतली नावे. मावशींची संख्या एकाने जास्त भरली. पुन्हा मोजले तरी एकाने जास्तच. पेटी बांधलेली समोर होती, लेबल पेनाने लिहिलेले होते. पाचपाखाडीच्या एका गिऱ्हाइकाने दुपारी गाळ्यावर येऊन भिंतीवरच्या क्यूआर कोडवर पैसे भरले होते आणि पेटी उद्या घरी पाठवा म्हणून सांगितले होते. ते पैसे पेमेंट कंपनीकडे न जाता थेट बँकेत जमा झाले होते, त्यामुळे त्याचा कुठलाही ट्रिगर वाजला नव्हता. पुतण्याने बँकेच्या संदेशातला बारा आकडी व्यवहार क्रमांक वाचून दाखवला, मावशींनी तो वहीत त्या नावापुढे लिहून घेतला, आणि पेटी पहाटेच्या टेम्पोत चढली.